सरळ रेषांचे वक्र छप्पर : खोगीराकार पृष्ठाची भूमिती आणि काँक्रीट कवचांचा उदयास्त

गोषवारा

खोगीराच्या आकाराचे पृष्ठ गणितात 'अपास्तीय अन्वस्तज' या नावाने ओळखले जाते. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात केवळ भूमितीचा विषय असलेले हे पृष्ठ विसाव्या शतकाच्या मध्यास छपराच्या बांधकामात उतरले. १९५० ते १९७० या काळात मेक्सिकोमध्ये फेलिक्स कँडेला यांनी या आकाराची अतिशय पातळ काँक्रीट छपरे मोठ्या प्रमाणावर बांधली आणि त्यानंतर अल्पावधीतच ही पद्धत मागे पडली. प्रस्तुत लेखात या उदयास्ताची कारणे पृष्ठाच्या भूमितीत आणि तत्कालीन श्रमाच्या अर्थव्यवहारात शोधण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : खोगीराकार पृष्ठ, रेषाजनित पृष्ठ, काँक्रीट कवच, सेंटरिंग, फेलिक्स कँडेला, दोरजाळीचे छप्पर

१. प्रस्तावना

वास्तुकलेच्या इतिहासात छपराचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. भिंत उभी करणे तुलनेने सोपे असते. खांबांशिवाय मोठी जागा झाकणे हे मात्र प्रत्येक काळातील बांधकाम करणाऱ्यांपुढचे आव्हान राहिले आहे. कमान, घुमट आणि लांबट नळीसारखे छत ही या आव्हानाला मिळालेली प्राचीन उत्तरे होत. विसाव्या शतकात पोलादी सळयांनी युक्त काँक्रीट उपलब्ध झाल्यावर या उत्तरांत एका नव्या आकाराची भर पडली. घोड्याच्या पाठीवरील खोगीर पुढे-मागे वर उचललेले आणि डाव्या-उजव्या बाजूंना खाली उतरलेले असते. याच प्रकारचा वाक असलेल्या या छपराची जाडी पुष्कळदा अवघी ४ सेंटिमीटर असे.

या छपरांचे वर्णन बहुधा त्यांच्या सौंदर्याच्या अंगाने केले जाते. कवचांचा शिल्पकार म्हणून कँडेला यांचा गौरव होतो आणि त्यांच्या कामाकडे एका प्रतिभावंताचा आविष्कार म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी चुकीची नसली तरी अपुरी आहे. एवढी सुंदर आणि स्वस्त छपरे वीस वर्षांत बांधली गेली, तर पुढे ती बांधणे का थांबले, या प्रश्नाचे उत्तर सौंदर्यातून मिळत नाही. त्यासाठी या पृष्ठाच्या दोन गुणांचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो. पहिला गुण असा की, हे वक्र पृष्ठ सरळ रेषांनी बनते. दुसरा गुण असा की, त्याचा वाक परस्परविरुद्ध दिशांचा असतो. काँक्रीटच्या छपरांचे भवितव्य प्रामुख्याने पहिल्या गुणाशी बांधले गेले होते, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

२. भूमितीची पूर्वपीठिका

वक्र पृष्ठ सरळ रेषांनी बनू शकते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. इंग्लंडमधील गणितज्ञ व वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी १६६९ मध्ये असे दाखवून दिले की, मधोमध आवळलेल्या डमरूसारखे दिसणारे अपास्तज पृष्ठ सरळ रेषा फिरवून तयार करता येते. लिओनार्ड ऑयलर यांनी १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात द्विघाती समीकरणांनी मिळणाऱ्या पृष्ठांचे वर्गीकरण केले. त्यात खोगीराकार पृष्ठाचाही समावेश होता. पुढे फ्रान्समध्ये गास्पार मॉन्ज आणि त्यांच्या परंपरेतील अभ्यासकांनी रेषाजनित पृष्ठांचा पद्धतशीर अभ्यास केला. या अभ्यासातून अपास्तज आणि खोगीर ही दोन्ही पृष्ठे दुहेरी रेषाजनित आहेत, म्हणजेच त्यांच्या प्रत्येक बिंदूतून पूर्णपणे पृष्ठावरच राहणाऱ्या दोन सरळ रेषा जातात, हे प्रस्थापित झाले.

हा गुण समजण्यासाठी अवघड गणिताची आवश्यकता नाही. चार काठ्यांची चौरस चौकट घ्यावी आणि तिचा एक कोपरा वर उचलावा. समोरासमोरच्या काठ्यांवर समान अंतरांवर खुणा करून त्या दोऱ्यांनी जोडाव्यात. त्यानंतर उरलेल्या दोन काठ्यांच्या बाबतीतही तसेच करावे. प्रत्येक दोरा सरळ असतो, परंतु सर्व दोऱ्यांनी मिळून तयार झालेले पृष्ठ खोगीरासारखे वळलेले दिसते. गणिताच्या भाषेत या पृष्ठावरील कोणत्याही बिंदूची उंची ही क्ष आणि य या दोन अंतरांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. क्ष स्थिर ठेवला तर उंची य च्या सरळ प्रमाणात बदलते आणि त्यामुळे सरळ रेषा मिळते. य स्थिर ठेवल्यासही तेच घडते. चौकटीच्या एका कर्णावर पृष्ठ उभे छेदले असता वर उचललेला अन्वस्त मिळतो, दुसऱ्या कर्णावर खाली झुकलेला अन्वस्त मिळतो, तर आडव्या छेदात अपास्त मिळतो. पृष्ठाचे जोडनाव यावरूनच पडले आहे.

वक्रतेच्या सिद्धांताला निर्णायक वळण कार्ल फ्रीडरिख गाऊस यांनी १८२७ मध्ये दिले. एखाद्या बिंदूपाशी पृष्ठाच्या दोन मुख्य वक्रतांचा गुणाकार ही त्या पृष्ठाची वक्रता मानली, तर घुमटाची वक्रता धन, नळीची शून्य आणि खोगीराची ऋण ठरते. गाऊस यांनी असेही सिद्ध केले की, पृष्ठ न ताणता आणि न आकसता केवळ वाकवले तर हा गुणाकार बदलत नाही. कागदाची नळी सहज करता येते, परंतु कागद न फाडता किंवा न चुरगळता त्याचा घुमट वा खोगीर करता येत नाही, याचे कारण हेच होय. बांधकामाच्या दृष्टीने या प्रमेयातून एक लाभ आणि एक अडचण निष्पन्न झाली. दोन्ही दिशांना वळलेले कवच सपाट पत्र्याप्रमाणे सहजासहजी वाकत नाही, हा लाभ होय. असा आकार सपाट फळ्यांवर ओतणे कठीण, ही अडचण होय. घुमटाच्या बाबतीत ही अडचण पूर्णपणे शिल्लक राहते. खोगीराच्या बाबतीत मात्र सरळ रेषांच्या गुणामुळे ती बहुतांशी दूर होते.

३. भूमितीकडून बांधकामाकडे

या गुणाचा बांधकामात जाणीवपूर्वक उपयोग करणाऱ्यांमध्ये रशियन अभियंता व्लादिमिर शुखोव आणि कातालान वास्तुविशारद अंतोनी गाउदी यांची नावे अग्रभागी येतात. शुखोव यांनी १८९६ मध्ये निझनी नोवगोरोद येथील प्रदर्शनात सरळ पोलादी पट्ट्यांपासून अपास्तज मनोरा उभारला. गाउदी यांनी बार्सिलोनाजवळील कोलोनिया ग्वेल येथील चर्चच्या तळघराच्या द्वारमंडपात विटांची खोगीराकार छते बांधली. हे काम १९०८ ते १९१४ या काळात झाले. गाउदी यांची पद्धत प्रामुख्याने प्रतिकृती आणि गवंडीकामाच्या परंपरेवर आधारलेली होती. या आकाराचे स्थितिशास्त्रीय गणित अद्याप मांडले गेलेले नव्हते.

ते कार्य १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये झाले. बर्नार लाफाय यांनी पातळ खोगीराकार कवचांचे प्रयोग केले आणि फेर्नां एमों यांनी १९३६ मध्ये त्यांच्या बलांचे विवेचन प्रसिद्ध केले. त्याचे सार असे सांगता येईल : खोगीरावर पडणारा भार दोन समान भागांत विभागला जातो. अर्धा भार वर उचललेल्या अन्वस्तांवर कमानीप्रमाणे दाबाच्या रूपाने, तर उरलेला अर्धा खाली झुकलेल्या अन्वस्तांवर दोराप्रमाणे ताणाच्या रूपाने वाहिला जातो. सरळ रेषांच्या दिशेने पाहिल्यास हीच बले शुद्ध कर्तन बलाच्या रूपात दिसतात आणि त्यांचे मूल्य सर्व पृष्ठावर जवळपास सारखे असते.

एका ढोबळ उदाहरणावरून या निष्कर्षाचे महत्त्व लक्षात येते. बाजू ५ मीटर, एका कोपऱ्याचा उठाव १ मीटर आणि जाडी ४ सेंटिमीटर असलेले खोगीर घेतले, तर काँक्रीटचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १०० किलोग्रॅम भरते. त्यावर तेवढाच अन्य भार धरल्यास एकूण भार २०० किलोग्रॅम होतो. कर्तन बल काढण्यासाठी या भारास दोन बाजूंच्या गुणाकाराने गुणून उठावाच्या दुपटीने भागावे लागते. उत्तर दर मीटर रुंदीस २,५०० किलोग्रॅम, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलोग्रॅम येते. साधारण प्रतीचे काँक्रीटदेखील याच्या अनेक पट दाब सहन करते आणि ताणासाठी बारीक सळयांची जाळी पुरेशी होते. नळीसारख्या कवचासाठी त्या काळी लांबलचक श्रेणींचे गणित करावे लागे. त्याच्या तुलनेत येथे एका ओळीचा हिशेब पुरत होता. मात्र याच सूत्रात एक इशाराही दडलेला आहे. उठाव भाजकात असल्यामुळे तो निम्मा केला की बल दुप्पट होते. तसेच पृष्ठभर पसरलेले हे बल कडांवर साचत जाते. वरील उदाहरणात ५ मीटरच्या कडेच्या टोकाशी ते सुमारे १२.५ टनांवर पोहोचते. कवच पातळ असले तरी कड दुर्बल असून चालत नाही.

४. मेक्सिकोतील पर्व

फेलिक्स कँडेला यांचा जन्म १९१० मध्ये माद्रिद येथे झाला. तेथील वास्तुकला विद्यालयातून ते १९३५ मध्ये पदवीधर झाले. काँक्रीट कवचांच्या अभ्यासासाठी जर्मनीला जाण्याकरिता त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. परंतु १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि ते प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले. पराभवानंतर फ्रान्समधील निर्वासितांच्या छावणीत काही काळ काढून ते १९३९ मध्ये मेक्सिकोला पोहोचले आणि १९४१ मध्ये तेथील नागरिक झाले. जर्मन प्रयोगशाळांत शिकण्याची संधी हुकलेल्या या वास्तुविशारदाने पुढील दशकात उपलब्ध लेख वाचून स्वतःच अभ्यास केला. त्यात एमों यांच्या लेखनाचाही समावेश होता.

१९५० मध्ये त्यांनी बंधू आंतोनियो आणि मेक्सिकन भागीदारांसमवेत 'कुबिएर्तास आला' ही बांधकाम संस्था स्थापन केली. आराखडा, गणित आणि प्रत्यक्ष बांधकाम या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होत असल्यामुळे प्रत्येक कामातील अनुभव लगेच पुढील कामात उपयोगी पडत असे. १९५१ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या परिसरात होर्खे गोन्साल्येस रेयना यांच्यासह बांधलेल्या वैश्विक किरणांच्या प्रयोगशाळेने त्यांचे नाव सर्वत्र पोहोचवले. किरणांचे मापन करता यावे म्हणून छप्पर माथ्याशी १.५ सेंटिमीटरहून जाड नसावे, अशी शास्त्रीय गरज होती. नळीच्या आकारात एवढे पातळ छप्पर पुरेसे ताठ राहिले नसते. म्हणून कँडेला यांनी खोगीराकार पृष्ठ योजले. ही छोटीशी वास्तू ज्या विद्यापीठ परिसरात आहे, त्याचा २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

तथापि संस्थेचे चरितार्थाचे साधन अशी नामांकित कामे नव्हती. गोदामे, कारखाने आणि बाजार यांसाठी लागणारी 'छत्री' हे तिचे खरे उत्पादन होते. मध्ये एक खांब आणि त्याभोवती चार खोगीरे जोडून तयार होणारे, उलट्या उघडलेल्या छत्रीसारखे हे छप्पर पावसाचे पाणी मध्यभागी गोळा करून खांबातील नळीने खाली सोडत असे. छत्र्या एकमेकींशेजारी मांडल्या की हवी तेवढी जागा झाकता येई आणि त्या किंचित तिरप्या ठेवल्यास मधल्या फटीतून उजेड मिळे. एका छत्रीसाठी केलेले सेंटरिंग काढून पुढच्या छत्रीखाली लावता येत असे.

या सेंटरिंगमध्येच भूमितीचे खरे मोल होते. सुतार एका दिशेच्या रेषांवर सरळ वासे मांडीत आणि दुसऱ्या दिशेच्या रेषांवर अरुंद फळ्या ठोकीत. वरील उदाहरणातील छपरासाठी १० सेंटिमीटर रुंद आणि ५ मीटर लांब फळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अवघा २ सेंटिमीटरचा पीळ द्यावा लागतो आणि साधी फळी तेवढा पीळ सहज घेते. लाकूड कोरण्याची किंवा वाफेवर वाकवण्याची गरज राहत नाही. त्यानंतर सळयांची जाळी अंथरली जाई आणि मजूर बादल्यांतून काँक्रीट वर नेऊन हातांनी पसरीत. रेन आणि मॉन्ज यांच्या प्रमेयाचा अर्थ येथे सुताराच्या भाषेत उतरला होता : ओळंबा, दोरी आणि सरळ फळी एवढ्या साधनांनी वक्र छप्पर साधत होते.

या पद्धतीचा परमोत्कर्ष मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को येथील 'लोस मानांतियालेस' या उपाहारगृहात दिसतो. वास्तुविशारद आल्वारेस ओर्दोन्येस बंधूंच्या समवेत १९५८ मध्ये पूर्ण केलेल्या या वास्तूत चार खोगीरे परस्परांना छेदतात आणि आठ पाकळ्यांचे फूल तयार होते. सुमारे ४२ मीटर व्यासाची जागा ४ सेंटिमीटर जाडीच्या कवचाने झाकली आहे. बाहेरच्या कडांना तुळया नाहीत. बले पाकळ्यांमधील घड्यांकडे वळवून पायांत उतरवली आहेत. सोचिमिल्को हा जुन्या सरोवराचा, मऊ जमिनीचा भाग असल्याने पायथे बाहेर सरकू नयेत म्हणून ते पोलादी सळयांनी एकमेकांस बांधले आहेत.

५. अपयशांचा धडा

या इतिहासाची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. १९५८ मध्येच कुएर्नावाका येथील एका खुल्या प्रार्थनागृहाचे कवच सेंटरिंग उतरवताना कोसळले आणि त्यात सुधारणा करून ते पुन्हा बांधावे लागले. १९७० मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका शाळेच्या व्यायामशाळेचे चार खोगीरांचे छप्पर कोसळले. त्याच्या लांबी-रुंदीच्या मानाने उठाव अल्प होता. वर्षानुवर्षे भाराखाली काँक्रीट हळूहळू आकसत आणि वाकत गेले, त्यामुळे मूळचा अल्प उठाव आणखी कमी झाला आणि सूत्रानुसार बले वाढत गेली. भूमितीने दिलेले बळ आकार टिकून असेपर्यंतच असते, हा या घटनांचा धडा होय. कवचाचे अनुकरण करणे सोपे होते, परंतु त्यामागील अनुभव सहज हस्तांतरित होणारा नव्हता.

६. उतरणीची कारणे

असे असले तरी काँक्रीट खोगीरे मागे पडली ती प्रामुख्याने अपघातांमुळे नव्हे. या छपरात सिमेंट आणि पोलाद अत्यल्प लागत असे, परंतु मानवी श्रम भरपूर लागत. खांब-तुळई-स्लॅबच्या बांधकामाशी तुलना केल्यास कवच म्हणजे सामग्रीच्या जागी सुतार, सळई बांधणारे आणि काँक्रीट वाहणारे यांचे श्रम वापरण्याची रीत होती. मेक्सिकोमध्ये १९५० च्या दशकात सिमेंट-पोलाद महाग आणि मजुरी स्वस्त असल्यामुळे हा व्यवहार किफायतशीर ठरला. १९६० च्या दशकात मजुरीचे दर वाढत गेले, लाकडी सेंटरिंगचा खर्चही वाढला आणि यंत्राने बनवलेले पोलादी सांगाडे व पत्रे स्पर्धेत उतरले. पृष्ठाच्या भूमितीत तसूभरही फरक पडला नव्हता. बदलला होता तो तिच्यावर आधारलेला हिशेब.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी कँडेला यांनी अन्य दोन वास्तुविशारदांसह उभारलेल्या क्रीडाप्रासादाचे छप्पर पोलादी सांगाड्यावर तांब्याच्या आच्छादनाचे होते, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे. १९७१ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि शिकागो येथे अध्यापन करू लागले. त्यांच्या कामाचा गौरव होत असताना ते काम ज्या परिस्थितीत शक्य झाले ती परिस्थिती मात्र निघून गेली होती. स्वस्त छपराच्या यशात ज्यांच्या अल्प मजुरीचा वाटा होता त्या सुतारांची आणि मजुरांची नावे या इतिहासात क्वचितच आढळतात, याचीही नोंद घेणे आवश्यक आहे.

७. दुसऱ्या गुणाचे पुनरागमन

काँक्रीट मागे पडले, तरी खोगीर मागे पडले नाही. त्याच्या परस्परविरुद्ध वाकाचा उपयोग करणारी समांतर परंपरा १९५० च्या सुमारासच सुरू झाली होती. पोलंडमध्ये वाढलेले वास्तुविशारद मॅथ्यू नोविकी यांनी अमेरिकेतील रॅली येथील सभागृहासाठी दोन तिरप्या अन्वस्ताकार कमानी आणि त्यांच्यामध्ये ताणलेले पोलादी दोर अशी रचना कल्पिली. एका दिशेचे दोर छप्पर पेलतात, तर त्यांना आडवे जाणारे, उलट वाकाचे दोर वाऱ्याने छप्पर उचलले जाऊ नये म्हणून त्यांना खाली धरून ठेवतात. या इतिहासाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. नोविकी हे अल्बर्ट मेयर यांच्यासह चंदीगडच्या नियोजनावर काम करीत होते आणि ऑगस्ट १९५० मध्ये भारतातून परतताना इजिप्तमध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. रॅलीचे सभागृह त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये पूर्ण झाले.

या सभागृहाच्या आराखड्यांनी प्रभावित झालेले जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांनी ताणाच्या छपरांचा आयुष्यभर अभ्यास केला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ग्युंटर बेनिश यांच्या समवेत उभारलेल्या दोरजाळीच्या छपरांचे क्षेत्र सुमारे ७५ हजार चौरस मीटर आहे. लंडन येथील २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या सायकल शर्यतीच्या क्रीडागाराचे छप्परही खोगीराकार दोरजाळीचेच आहे. या छपरांना लाकडी फळ्यांच्या साच्याची गरजच नसते. त्यामुळे सरळ रेषांचा गुण येथे गौण ठरतो आणि ऋण वक्रता हाच मुख्य आधार होतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) खोगीराकार पृष्ठाची भूमिती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पुरेशी विकसित झाली होती, तिचा छपरातील व्यापक वापर मात्र काँक्रीट, स्थितिशास्त्रीय गणित आणि स्वस्त कुशल श्रम हे तीन घटक एकत्र आल्यावरच शक्य झाला.

२) काँक्रीट कवचांचा उदय पृष्ठाच्या सरळ रेषांच्या गुणावर, तर दोरजाळीच्या छपरांचा विकास विरुद्ध वाकाच्या गुणावर आधारलेला आहे. एकाच पृष्ठाच्या दोन गुणांना दोन वेगळ्या अर्थव्यवस्थांनी वेगवेगळे मोल दिले.

३) काँक्रीट खोगीरांची पीछेहाट ही तांत्रिक पराभवापेक्षा श्रम आणि सामग्री यांच्या बदललेल्या किमतींचा परिणाम होती.

कँडेला यांचे १९९७ मध्ये अमेरिकेत निधन झाले. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे २००३ मध्ये खुल्या झालेल्या सागरी मत्स्यालयात सोचिमिल्कोच्या पाकळ्यांचाच आकार पोलादी तंतूंनी युक्त काँक्रीटमध्ये पुन्हा उभारण्यात आला. ज्या देशातून एका पराभूत सैनिकाला निर्वासित होऊन बाहेर पडावे लागले होते, त्या देशात त्याचे छप्पर त्याच्या मृत्यूनंतर पोहोचले. मात्र मेक्सिकोत गोदामांवर आणि बाजारांवर सर्रास उभारली जाणारी ही रचना येथे एक गौरवास्पद अपवाद म्हणून उभी राहिली. आकार तोच असला तरी त्याचे सामाजिक प्रयोजन बदलले होते. वास्तूचा इतिहास लिहिताना तिच्या आकाराइतकाच तिच्या साच्याचा, तो ठोकणाऱ्या हातांचा आणि त्या हातांना मिळालेल्या मोबदल्याचाही विचार व्हावा, असे या अभ्यासातून सुचवावेसे वाटते.